बेकारीची दुपार



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'नोकरीच्या शोधातले दिवस' असा विषय छापला आहे. तो वाचून काही तरुण मंडळी वही-पेन घेऊन आलेली दिसतात. त्यांना आधीच सांगून टाकतो : बायोडाटा कसा लिहावा, मुलाखतीत हात कुठे ठेवावेत, यातलं मी काही सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या कित्येकांचा पोटापाण्याचा प्रश्न तेवढ्यावरच सुटला आहे. मला बोलायचं आहे ते नोकरी नसलेल्या माणसाच्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेबद्दल. पैशाची ओढाताण तर असतेच. पण पुष्कळदा पैसे संपायच्या आधी दिवस बिघडतो, आणि दिवस बिघडला की नोकरी शोधायचं बळही जातं.

हे सगळ्यात बारकाईनं कोणी टिपलं असेल तर ते ऑस्ट्रियातल्या काही तरुण संशोधकांनी. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची कापडगिरणीची वस्ती होती. गिरणी 1830 सालची. तीन-चार पिढ्या तिच्यावर जगल्या. 1929 च्या उन्हाळ्यात तिचे विभाग एकेक करून बंद पडू लागले आणि 1930 च्या फेब्रुवारीपर्यंत सगळं थंडावलं. वस्तीत 478 कुटुंबं होती. त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक घरांत एकालाही काम उरलं नाही. पुढच्या वर्षी मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. याहोदा तेव्हा पंचविशीच्याही आतल्या. नुसतं बघायला म्हणून कोणी जायचं नाही, वस्तीच्या काही उपयोगी पडायचं, असा त्यांचा नियम होता. म्हणून त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टर आणले, शिवणाचे नमुने काढायचा वर्ग चालवला. हे करता करता नोंदी घेतल्या.

त्या नोंदी वाचताना माणूस चपापतो. वस्तीत वाचनालय होतं. गिरणी बंद पडल्यावर वर्गणी माफ केली. वेळ तर मुबलक. म्हणजे वाचन वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. भरल्या पोटी आपण म्हणतो, 'सुट्टी मिळाली की भरपूर वाचेन.' रजा संपणार असते म्हणून ते वाचन होतं. न संपणाऱ्या सुट्टीत पुस्तक उघडायला मुहूर्तच सापडत नाही.

मग त्यांनी रस्त्यावरची माणसं मोजली. कोण किती भराभर चालतो, वाटेत किती वेळा थांबतो. पुरुष रेंगाळत होते. त्यातले बहुतेक तेवढ्याशा वाटेत दोनदा तरी उभे राहत होते. शंभर पुरुषांपैकी अठ्ठ्याऐंशी जणांकडे घड्याळ नव्हतं, आणि त्यातल्या काहींचं तर घरी होतं, फक्त लावलेलं नव्हतं. दिवसभर काय केलं ते तासातासानं लिहून द्या म्हटलं, तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे लोकांना आठवेना. मधले तास कुठे गेले, हे ज्याचे गेले त्यालाच सांगता येत नव्हतं. बायकांची तक्रार वेगळीच : हा दिवसभर मोकळा, तरी जेवायला वेळेवर येत नाही!

बायका मात्र त्या रस्त्यावरून झपाझप जात होत्या. नोकरी त्यांचीही गेली होती, पण स्वयंपाक, धुणं, पोरं, फाटक्याला ठिगळ, हे काम कोणी बंद करत नाही. त्यांचा दिवस भरलेला राहिला. त्या सुखी होत्या असं मी म्हणत नाही. त्यांच्या घड्याळाला किल्ली देणारं कोणीतरी घरात होतं, इतकंच.

याहोदांना पुढे तुरुंगवास झाला आणि देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. तिथे 1982 साली त्यांनी याच प्रश्नावर पुन्हा पुस्तक लिहिलं. नोकरी पगार देते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याखेरीज ती न मागता आणखी काय देते, ते त्यांनी मांडलं : दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, आपल्या एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात वाटा देते, ओळख देते आणि हातपाय हलवायला लावते. नोकरी कंटाळवाणी असली तरी देते. साहेब खडूस असला तरी देते.

त्याच वर्षी, 18 जानेवारीला, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांचं राजकारण, गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं, यावर आजवर पुष्कळ बोललं गेलंय. मी तिकडे वळत नाही. गिरणगावाचा दिवस भोंग्यावर चालायचा, एवढंच लक्षात घ्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, पाळीप्रमाणे जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. भोंगा थांबला तेव्हा पगार थांबलाच, पण झोपायचं कधी आणि जेवायचं कधी, हेही सांगणारं कोणी राहिलं नाही. कित्येक जण गावी गेले, कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे. मागे राहिले त्यांच्यापैकी अनेकांची घरं बायकोनं धरलेल्या चार घरच्या कामांवर आणि डब्यांवर तगली. मारिएनथालच्या रस्त्यावर जे दिसलं, तेच लालबाग-परळच्या चाळीत दिसलं.

आता आजच्याकडे येतो. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत सकाळी फेरी मारा. अभ्यासिकांपुढे चपलांचे ढीग असतात. बीड, परभणी, बुलढाणा, सोलापूर, नंदुरबार, स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी कुठून कुठून आलेली मुलं-मुली. महिन्याचं भाडं भरून एक टेबल, एक दिवा, एक प्लग. घरी गेलं तर टेबल फुकट मिळेल, तरी ही मुलं घरी जात नाहीत. लोक म्हणतात, पुण्याची चटक लागली. मला तसं वाटत नाही. अभ्यासिकेची वेळ असते, मेसची वेळ असते, साडेचारला टपरीवर 'जाहिरात आली का', 'कट ऑफ कितीवर थांबेल' विचारणारे चारचौघं असतात. आणि कोणी विचारलंच, तर 'तयारी करतोय' हे उत्तर असतं. याहोदांनी सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टी त्या टेबलाच्या भाड्यात मिळतात. गावी हीच मुलं 'रिकामी' ठरतात.

यात धोका आहेच. टेबल दिवसाला आकार देतं, म्हणून दिवस संपतात. दिवस संपतात, म्हणून वर्षं संपलेली कळत नाहीत. राज्यसेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात 38, मागासवर्गीयांना 43, ही वयाची अट उदार वाटते. पण त्या उदारपणामुळे 'पुढच्या अटेम्प्टला नक्की' म्हणायला दहा-पंधरा वर्षं मोकळी मिळतात. कोणाची पोस्ट निघाली की गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागतो. राहिलेल्यांचा फ्लेक्स नसतो, हे ठीकच आहे. पण दोन मार्कांनी राहिलेल्या मुलानं परत यायचं ते त्याच वेशीतून, त्याच फ्लेक्सखालून.

याच काळात घरात काही घडतं तेव्हा तर पंचाईत दुप्पट होते. नोकरदाराच्या वडिलांना झटका आला, तर तो रजा काढतो, सहकारी फोन करतात, साहेब 'सावकाश या' म्हणतो. बेकाराला रजा नसते, कारण तो रजेवरच आहे असं सगळ्यांनी धरलेलं असतं. भाऊ म्हणतो, 'तू घरीच आहेस ना, मग दवाखान्यात तूच थांब.' तो थांबतो. फाइल सांभाळतो, औषधं आणतो, रात्री बाकावर बसून राहतो. हे काम आहे आणि कष्टाचं आहे. त्या काळात एखादी मुलाखत हुकते. दीड वर्षानं कुठेतरी मुलाखतीला गेल्यावर समोरचा विचारतो, 'ही गॅप कशाची?' वडिलांच्या शेवटच्या वर्षाला तिथे तेवढंच नाव असतं. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न लग्न, बाळंतपण, सासूचं आजारपण या सगळ्याला मिळून एकदाच विचारतात. ठरत आलेली सोयरीक नोकरी गेल्यावर बारगळते, त्याची तर कुठे नोंदच नसते. अशा घरी कोणी गेलात तर 'सध्या काय चाललंय?' हा प्रश्न पहिला विचारू नका. चहा घ्या, मॅच कोण जिंकतंय ते विचारा. सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

समोर बरीच मंडळी निवृत्त दिसतात. तुमचाही भोंगा एके दिवशी थांबला. पण तुमच्यासाठी आपण बागेत बाकं टाकली, हास्यक्लब काढले, ही व्याख्यानमाला चालवली, आणि पेन्शन असेल त्यांना पेन्शन आहे. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट मुलगा दुपारी बारा वाजता त्याच बाकावर बसला, तर रखवालदार दोनदा वळून बघतो.

या राज्यानं एकदा फार चांगला विचार केला होता. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायद्यात आली. काम मागितल्यापासून 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता द्यायचा. पगाराच्या पावतीवर 'पी. टी.' म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात ना, तो व्यवसाय कर 1975 साली बसवला तो याच कामासाठी. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या बिनकामाच्या माणसासाठी द्यायचा पैसा. पण ती हमी खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामाची. शहरातल्या पदवीधराला तसं मागायची खिडकीच नाही. 2024 मध्ये राज्यानं युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली : ठरावीक मुदतीपुरतं कामावर घ्यायचं, शिक्षणाप्रमाणे महिना सहा, आठ किंवा दहा हजार द्यायचे. तिच्यावर टीका खूप झाली आणि ती रास्त आहे. पण हजेरीपटावर नाव येतं, ही गोष्ट मी दहा हजारांहून कमी मोलाची धरत नाही. मुदत संपल्यावर ते नाव पुसलं गेलं तेव्हा मुलं आंदोलनाला रस्त्यावर उतरली, याचं मला नवल वाटलं नाही.

सरकारकडे मागायचं ते मागूच. इथल्या मंडळींकडे माझं छोटं मागणं आहे. आपल्या गावोगावची सार्वजनिक वाचनालयं सकाळी उघडतात, दुपारी कुलूप लावतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. हे वेळापत्रक कामावर जाणाऱ्यांसाठी ठरलं. पुढच्या वर्षीपासून ते कुलूप काढा. पुस्तकं लोक नेतील न नेतील, मारिएनथालला नेली नाहीत. पण खुर्ची, पंखा आणि रोज तिथे येणारी चार माणसं एवढं तरी मिळेल. कार्यवाह म्हणतील, दुपारी बसायला माणूस कुठून आणायचा? आणा, पगार देऊन आणा. त्या निमित्तानं एक जागा निघेल. आणि त्या जागेची जाहिरात द्याल तेव्हा 'निवड झाल्यास कळवू' असं लिहू नका. निकाल कोणत्या तारखेला लावणार तेही तिथेच छापा, आणि त्या दिवशी ज्यांना घेतलं नाही त्यांनाही फोन करा.