पट्ट्यांपलीकडचे सूर



संगीतरचनाकार आणि मैफलीचा वादक हीं दोन सामर्थ्यें एका ठायीं क्वचितच नांदतात. इटलीच्या फेरुच्चो बुसोनींच्या (१८६६-१९२४) ठायीं तीं होतीं. आणि पियानोवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या वादकानेंच १९०७ सालीं तक्रार केली कीं, सप्तकाचे बाराच तुकडे पाडून आपण सूर कोंडून टाकले आहेत!

आपल्याकडे हाच आक्षेप पेटीवर होता. पेटीही मूळची परदेशी. पॅरिसच्या देबेननें १८४२ सालीं तिचें पेटंट घेतलें, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं ती जमिनीवर बसून, एका हातानें भाता हलवीत वाजविण्याजोगी केली. पण तिच्या सुट्या पट्ट्यांतून मींड कशी निघणार? सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि क्लेमंट्स यांच्या साहाय्यानें तशी निराळी पेटीही सिद्ध केली.

कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनीं (जन्म १८८१) मात्र साधीच पेटी हातीं धरली. भास्करबुवा बखल्यांची साथ करतां करतां ते गाणें शिकले. अल्लादियाखांसाहेबांच्या गायकीनें त्यांचा कान घडला. पेटीवाला मींड घेत नसतो, तिचा भास निर्माण करतो. पहिली पट्टी सुटण्याआधींच दुसरी अलगद दाबावयाची आणि त्याच क्षणीं भात्याचा जोर आवरावयाचा. ही किमया यंत्राची नव्हे, कानाची आहे. तोच कान १९११ सालीं खाडिलकरांच्या 'मानापमाना'च्या चालींत उतरला, आणि पूरबी ठुमरी-गझलेचा लवचिक ढंग मराठी रंगभूमीवर आला. पुढें गंधर्व नाटक मंडळीची भागीदारी झाली. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचें संगीत आणि त्यांतील हरिश्चंद्राची भूमिकाही झाली.

आतां जें सांगावयाचें, तें याच ध्वनिक्षेपकापुढें बसून सांगतांना थोडा संकोच वाटतो. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीनें पेटीला दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत. रवींद्रनाथांसारख्या थोर कवीनेंही पेटीविरुद्धच मत दिलें होतें. आक्षेप खोटा नव्हता. पण वाजविणारा कोण, हें कोणी पाहिलेंच नाहीं. गोविंदराव १९५५ सालीं निवर्तले, म्हणजे त्यांच्या आयुष्याचीं अखेरचीं पंधरा वर्षें त्यांच्या वाद्याला येथें मज्जाव होता.

आमच्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर, ज्याला आज रायगड म्हणतात, भजनी मंडळींनीं मात्र पेटी सोडली नाहीं. खाऱ्या हवेनें तिचे पितळी सूर हिरवे पडत; ते घासून पुसून एकादशीला पुन्हां बसवीत.