दातांमागचे हात

दवाखान्यात बसवलेली कवळी बहुतेक वेळा डॉक्टरांनी घडवलेली नसते. ती घडवतो दंततंत्रज्ञ, म्हणजेच डेंटल मेकॅनिक. रुग्णाच्या जबड्याच्या मापावरून प्लास्टरचा साचा करायचा, मेणात दात रचायचे, गरम पाण्याने मेण काढून तिथे अॅक्रिलिक भरायचं, ते शिजवून घासायचं नि चकाकी आणायची. चूक केसभर असली तरी घास चावताना टोचते! म्हणूनच, या कामाला शास्त्राइतकाच कारागिराचा हात लागतो असं मला वाटतं.

दंततंत्रज्ञाखेरीज या क्षेत्रात शिरायचा दुसरा मार्ग डेंटल हायजिनिस्टचा: दातांवरचं कीटण काढणं, दात स्वच्छ करणं, ब्रश कसा फिरवावा हे शिकवणं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या दोन्ही कामांची व्याख्या केली होती. जगात हायजिनिस्टचं शिक्षण सुरू केलं अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी, १९१३ साली.

आपल्याकडे या दोन्ही कामांचे पदविका अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचे असतात, बारावी विज्ञाननंतर. प्रवेशाआधी एवढं विचारा: अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, पुढे राज्य दंत परिषदेत नोंदणी होते का, आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम किती करायला मिळतं?