श्वासातल्या विषाची नोंद



सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात आपण आलात. औंढ्याच्या नागनाथाच्या आणि नर्सीच्या नामदेवरायांच्या या हिंगोली जिल्ह्यात पाहुण्याला उपाशी कुणी जाऊ देत नाही, तेव्हा जेवणाची काळजी नको.

रासायनिक शस्त्रे, जनुकांचे कार्य आणि फुप्फुसाचा कर्करोग हा परिषदेचा विषय साखऱ्यात कशाला, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर रावळपिंडीपासून द्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्धकाळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तिथे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूच्या चाचण्या घेतल्या. अर्धी चड्डी आणि सुती सदरा घातलेल्या जवानांना वायूच्या खोलीत पाठवले. कातडी भाजली, डोळे सुजले, काहींना इस्पितळात ठेवावे लागले. हे सारे टिपून ठेवले गेले. पण ते जवान घरी परतल्यावर वीस-तीस वर्षांनी त्यांच्या छातीचे काय झाले, याची विचारपूस झाल्याचे कागदोपत्री दिसत नाही. मला याची चीड येते.

जपानात ओकुनोशिमा बेटावर १९२९ ते १९४५ या काळात विषारी वायूचा कारखाना होता. तिथल्या कामगारांचा मात्र हिरोशिमाच्या डॉक्टरांनी पुढे कित्येक दशके पाठपुरावा केला आणि श्वसनमार्गाचा कर्करोग त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणावर आढळला. मस्टर्ड वायू आज कर्करोगकारक पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे, तो अशा नोंदींमुळे.

हा वायू पेशीत शिरून डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला चिकटतो. कधी दोन्ही धागे एकमेकांत जखडतात, आणि दुरुस्ती करताना पेशीकडून चुका होतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे पी-५३ नावाचे जनुक असते; ओकुनोशिमाच्या कामगारांच्या फुप्फुसातल्या गाठी तपासल्या तेव्हा काहींत नेमके तेच बिघडलेले निघाले. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जनुक शाबूत असूनही ते गरजेपेक्षा जास्त किंवा कमी काम करू लागते. २८ जून १९८७ रोजी इराणमधल्या सरदश्त शहरावर मस्टर्ड वायूचे बाँब पडले. अशा हल्ल्यांतून वाचलेल्यांची छाती कित्येक वर्षांनंतरही धापा टाकते. त्यांच्या श्वासनलिकांत दाह आणि व्रण वाढवणारी जनुके किती काम करतात, हे तिथले संशोधक मोजत आले आहेत. कारखान्यात वर्षानुवर्षे वायू छातीत गेला तर कर्करोगाचा धोका वाढतो, हे पक्के. रणांगणावर एकदाच मारा झाला तर तो किती वाढतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

आमच्या हळदीतल्या कर्क्युमिनने अशा इराणी रुग्णांची त्वचेची खाज कमी झाल्याचे एका चाचणीत दिसले आहे. हळद पिकवणारा जिल्हा म्हणून आनंद वाटतो. पण तिने कर्करोग बरा होतो असे कुणी सांगितले, तर कृपा करून औषधोपचार सोडू नका.

आता आपल्या शिवाराकडे येतो. १९३६ मध्ये गेरहार्ड श्राडर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत होते, आणि हाती लागला टाबुन, माणसाच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारे युद्धविष. त्याच कुळातली ऑर्गनोफॉस्फेट औषधे आपण पिकांवर फवारतो. त्यांचे काम मस्टर्ड वायूपेक्षा निराळे, पण नोंदीबाबतची हयगय तीच. पाठीवरचा पंप गळतो, सदरा ओला होतो, तोंडाला बांधलेली दस्तीही भिजते, आणि त्याच हातांनी बांधावर भाकरी खाल्ली जाते. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे राज्य जागे झाले. जे वाचले, त्यांच्याकडे आणखी वीस वर्षांनी कोण पाहणार?

खेड्यात हे जमत नाही, असे म्हणू नका. आपल्याच बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदवही चालते, देशातली तशी पहिली. शेतावरून, वस्तीवरून माहिती गोळा करणारी माणसे तिथे उभी राहिली. हिंगोलीतही उभी राहतील.

म्हणून डॉक्टर मंडळींना यजमान या नात्याने माझे एकच मागणे आहे. खोकल्याचा रुग्ण आला की तंबाखू, विडी विचारता, तसेच काय फवारता, किती वर्षे, अंगावर कधी सांडले का, हेही विचारा आणि केस पेपरवर लिहा. गावकऱ्यांनी औषधाच्या बाटलीवरचे नाव वहीत उतरवून ठेवावे. या परिषदेच्या ठरावांत हा ठराव पहिला असावा, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो.