उंट उरेल, राईका उरेल काय?



परंपरागत जीवनपद्धती लोप पावल्या तर खरोखर काही बिघडते काय, असा प्रश्न आपण मला घातला आहे. त्याचे सरसकट उत्तर मजजवळ नाही. राजस्थानातील राईका या उंटपालक समाजाच्या उदाहरणाने त्याचा थोडा विचार करू.

पार्वतीच्या उंटाची राखण करण्यासाठी शंकराने पहिला राईका निर्माण केला, अशी या लोकांची श्रद्धा आहे. सांडणी परक्याला विकावयाची नाही, उंटाचे मांस खावयाचे नाही, हे त्यांचे पूर्वापार नियम. (आपल्याकडे ‘सांडणीस्वार’ हा शब्द तेवढा बखरींतून उरला आहे.) नियमांना रूप श्रद्धेचे असले तरी त्यांत व्यवहारही होता. सांडणी सुमारे १३ महिने गाभण राहते आणि साधारणतः दोन वर्षांतून एकदाच विते; माद्या गेल्या की कळप संपला. म्हणून नर तेवढे विकावयाचे आणि देवाच्या नावे राखलेल्या ‘ओरण’ भूमीवर कळप चारावयाचा.

पुढे इंदिरा गांधी कालवा आला. तो नको होता असे मी म्हणणार नाही. तहानलेल्या मुलखाला पाणी मिळाले. तथापि चराऊ राने नांगराखाली गेली, आणि ट्रॅक्टर व मालमोटारींमुळे उंटाला गिऱ्हाईक उरेना. पशुगणनेनुसार २०१२ साली देशात सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ साली अडीच लाख.

राजस्थान शासनाने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू ठरविले व २०१५ मध्ये कायद्याने त्याची कत्तल आणि विनापरवाना परराज्यात नेणे बंद केले. हेतू निर्मळ होता. पण पुष्करच्या जत्रेतील परप्रांतीय ग्राहक आटले, नरांचे भाव कोसळले, आणि ज्या विक्रीवर कळप पोसला जाई तीच बुडाली. संरक्षण उंटाला मिळाले, उंटवाल्याला नव्हे.

राईकाचा मुलगा शहरात नोकरीस गेला तर त्याला दोष देण्याचा आपणांस अधिकार नाही. त्याने उन्हापावसात उंटांमागे हिंडावे, असा आग्रह पंख्याखाली बसलेल्यांनी धरणे मला अश्लाघ्य वाटते. परंतु त्याने धंदा आपखुशीने सोडला, की चराईची वाटच कोणी अडविली? यांपैकी दुसऱ्या गोष्टीला लोप म्हणणे म्हणजे अन्यायाला सौम्य नाव देणे होय.

अनेक ओरणे सरकारी दप्तरात पडीक जमीन म्हणूनच नोंदली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पाहणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचा आदेश राजस्थान शासनाला दिला. ओरण वाचेल, हे चांगलेच. पण वन झालेल्या ओरणात उंट चरू देतील काय, हे पशुपालक विचारीत आहेत.