माजघरातला प्रयोग
(जिल्हा मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे भावावर बोलणे झाले, पाण्यावर झाले, कर्जावर झाले. आता थोडा वेळ ताटावर बोलू. ताटाचा विषय बायकांचा, असे म्हणून पुरुषमंडळींनी चहाला उठू नये. ताटात काय पडते याचा हिशेब शेवटी शेताशीच जाऊन भिडतो.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा आपला कोरडवाहू पट्टा. इथे शाळू पिकतो, बाजरी पिकते, मटकी आणि हुलगा पिकतो, थोडीफार कपाशी असते. आठवडी बाजारी माणूस शाळवाचे पोते उतरवतो आणि येताना काय आणतो? मैद्याचे बिस्किट, खारी, साखर आणि पामतेलाचा डबा. पोते गेले कवडीमोलाने, पुडा आला छापील किमतीने. दोन्ही व्यवहारांत भाव ठरवणारा दुसराच कोणीतरी.

हे एका दिवसात झालेले नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला लाल मिलो आणि रोजगार हमीच्या कामावर मिळालेली सुकडी म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आला आणि भाकरी ही गरिबाची, पोळी ही बऱ्या घरची, असे मनात बसले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोला एक रुपया लिहिले होते, पण दुकानात बहुतेक वेळा आले ते गहू आणि तांदूळच. मग २०२३ साल जगभर भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारीची बिस्किटे मोठ्या किमतीला विकली गेली. आपल्या पोरांच्या हातात मात्र मैद्याचाच पुडा राहिला.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापारी शेती आणि निर्यात शेती असे चार भाग. त्यातल्या माजघर शेतीचा अर्थ साधा. पिकले ते कच्चे विकून मोकळे व्हायचे नाही. घरात निवडून, भरडून, वाळवून, त्यावर काहीतरी करून मग विकायचे. आज माझे म्हणणे इतकेच आहे की विकायच्या आधी ते आपल्या घरात खाऊन बघू.

ज्वारीत आहे तरी काय? शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिने आणि चार मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमच्याही आत. पाटण-जावळीकडे पिकणाऱ्या नाचणीच्या शंभर ग्रॅमात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ज्वारीच्या प्रथिनांत एक उणीव असते, ती डाळीने भरून निघते. म्हणून भाकरीबरोबर हुलगा, मटकी, हरभरा खाणारी आपली आजी अडाणी नव्हती. भाकरीवर लिंबू पिळले तर धान्यातले लोह अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागते.

हे कशाला सांगते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायका आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ लेकरांच्या अंगात रक्त कमी आढळले. पिकवणाऱ्यांच्या राज्यात ही गत आहे.

आता उपाय म्हणून कोणी पुस्तकातली पाककृती वाचून दाखवली तर तुम्ही ऐकाल आणि घरी जाऊन विसराल. त्यापेक्षा आपल्याच भागातली एक गोष्ट घ्या. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार त्यात शिकले. रीत अशी होती की प्रत्येकाने आपल्या बागेत प्रयोग करायचा, मोजायचे, लिहायचे आणि दुसऱ्याला सांगायचे. साहेबाची वाट बघायची नाही. बागेत जे चालले ते चुलीपाशी का चालू नये?

तीन प्रयोग सांगते.

पहिला आंबिलीचा. चार चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात रात्री भिजवा. सकाळी दोन-तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे ओता, सतत ढवळा, शिजू द्या. मीठ, जिरे, लसूण आपल्या चवीने. उन्हाळ्यात कामावर जाताना चहा-बिस्किटाऐवजी हे पिऊन जा. भूक किती वाजता लागली ते लिहून ठेवा.

दुसरा कण्यांचा. ज्वारी भरडून घ्या, पीठ चाळून वेगळे करा. तीन वाट्या कण्यांना एक वाटी मुगाची किंवा मटकीची डाळ, वर शेवग्याचा पाला. खिचडीसारखे शिजवा. पोरांनी पहिल्या दिवशी नाक मुरडले तर एकदम सगळे बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय जमले आणि काय बिघडले ते कळणार नाही.

तिसरा हुलग्याच्या माडग्याचा. हुलगा भाजून दळा, पीठ पाण्यात कालवून उकळा, गूळ किंवा मीठ घाला. थंडीच्या दिवसांत हे आपल्याकडे घरोघर होत असे. ज्यांच्या घरात अजून होते त्यांनी आपले प्रमाण शेजारणीला सांगावे.

आता दुसरी बाजू. घरचे आणि नैसर्गिक म्हटले की सगळे चांगलेच, असे समजू नका. खरिपातली हायब्रीड ज्वारी काढणीच्या पावसात सापडली की काळी पडते. १९९५ साली कर्नाटक-आंध्रातल्या काही गावांत पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसांना पोटदुखी आणि जुलाब लागले होते. असले धान्य धुतल्याने शुद्ध होत नाही. बुरशी आलेल्या शेंगदाण्याचेही तेच. तो निवडून फेकाच.

मटकीला मोड आणतो तसे ज्वारीला आणून कच्चे खाऊ नका. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे तुम्हाला माहीत आहे. तेच विष ज्वारीच्या कोंबात असते. लेकराला सत्त्व करायचे असेल तर नाचणीचे करा. सहा महिन्यांपर्यंत तेही नको, आईचे दूधच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

कपाशीतला तांदुळजा, चिवळ फुकटची भाजी म्हणून बायका खुडून आणतात. त्या रानावर फवारणी झाली असेल तर ती भाजी नैसर्गिक राहिली कुठे? भाजीसाठी बांधाकडेचा एक तुकडा फवारणीविना ठेवा, तोही वाऱ्याच्या वरच्या अंगाला. घरच्या घरी काढलेले सरकीचे कच्चे तेल खाण्यात घेऊ नका; सरकीत विषारी द्रव्य असते, ते शुद्धीकरणात निघते. औषधाचा रिकामा डबा पिठाला किंवा पाण्याला वापरू नका. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या माणसे झोपतात त्या खोलीत तर कधीच नकोत. त्यांच्या वायूने घरातली माणसे मरतात. धान्य कडक वाळवा, कडुनिंबाचा पाला घाला, कोठी कोरडी ठेवा.

आणखी एक. कोणी सांगेल की भाकरी खा आणि साखरेची गोळी बंद करा. ऐकू नका. भाकरी चांगली आहे, पण ती औषध नव्हे. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर रक्त तपासून ठरवतील.

आता पुरुषमंडळींसाठी. माजघर शेती म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझे असे होणार असेल तर मला ती नको. दिवसभर रानात, संध्याकाळी चुलीशी आणि रात्री भाजणी, हे चालायचे नाही. भरडायला गिरणीत नेणे, निवडणे, वाळत घालणे ही कामे गड्यांच्या हातालाही येतात. आणि विकायचे ठरवलेत तर मजुरी धरा. २०२४-२५ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये जाहीर झाला होता, म्हणजे किलोला चौतीस रुपये. भाजणीची किंमत काढताना घरची ज्वारी फुकट धरली, सरपण फुकट धरले आणि बाईचा दिवस फुकट धरला, तर व्यापाऱ्याने केले तेच आपण आपल्या घरात केले. शेतमालाचा उत्पादन खर्च मागताना आपण मजुरी धरा म्हणतो. तोच न्याय माजघरात लावा. विक्रीसाठी अन्न खात्याकडे नोंदणी लागते, तीही करून घ्या.

आता काम. प्रत्येक गावाने एक पदार्थ निवडायचा. पाच घरांनी तो पंधरा दिवस करायचा. वहीत पाच गोष्टी लिहायच्या: किती घेतले, किती खर्च आला, किती वेळ गेला, किती दिवस टिकला आणि पोरांनी खाल्ला की नाही. फसलेलेही लिहा, दुसऱ्या गावाचे धान्य वाचेल. वेळ कोणाचा गेला, बाईचा की गड्याचा, तेही नोंदवा.

पुढच्या मेळाव्याला येताना भाषणे नकोत, वह्या आणा. आणि बरोबर डबा आणा, एकमेकींचे चाखून बघू.