पाणीबचतीचे नियम आणि समतेची कसोटी

(लातूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

टंचाईची चाहूल लागली की आपल्याकडील महानगरपालिका एक पत्रक काढतात. नळीने वाहने धुऊ नयेत, अंगणात व रस्त्यावर पाणी मारू नये, बागेला पिण्याचे पाणी घालू नये. अन्यथा दंड होईल, नळजोड तोडला जाईल. या नियमांना आपण विरोध करण्याचे काहीच कारण नाही. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज पडते. पंधरा मिनिटे मोटार धुतली की दीडशे लिटर गेले. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाचे दिवसभराचे पाणी एका मोटारीवरून वाहून गेले.

लातूरकरांना हे सांगावयाची गरज पडू नये. मार्च २०१६ मध्ये येथे टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे ३ लाख ८० हजार. भागाकार केला तर माणशी सव्वा लिटर, म्हणजे तांब्याभर पाणी! पुढे फेऱ्या आणि वाघिणी वाढल्या, हे खरे. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानाची हिरवळ आधी की माणसाचा हंडा आधी, हा प्रश्न न्यायालयाला सोडवावा लागला. त्याच वर्षीच्या पावसाने मांजरा धरण भरले आणि आपली आठवण ओसरली.

नांदेडकरांनीही गोदावरीच्या भरवशावर निश्चिंत राहू नये. विष्णुपुरीच्या जलाशयावर शहराचे नळ अवलंबून आहेत आणि शेतीचा उपसाही अवलंबून आहे. शहराने सांडलेले पाणी कोणाच्या तरी शिवारातून वजा होते.

नियम हवेत, हे निर्विवाद. परंतु ते कोणावर पडतात, हे आपण तपासले पाहिजे. 'घराबाहेर पाणी वापरू नका' असे म्हणणारा, घरात न्हाणीघर आहे असे गृहीत धरतो. बंगल्याचे 'बाहेर' म्हणजे हिरवळ. झोपडीचे 'बाहेर' म्हणजे भांडी घासण्याची, धुणे धुण्याची, लेकरांना आंघोळ घालण्याची जागा. सार्वजनिक नळावर धुणे धुणाऱ्या बाईला दंड करणे सोपे असते, कारण ती रस्त्यावर दिसते. बंगल्याच्या आवारातील नळी भिंतीआड असते, आणि तिच्यामागे स्वतःची कूपनलिका असते. 'हे पाणी पालिकेचे नाही, आमच्या बोअरचे आहे' एवढे म्हटले की मालक सुटला. पण त्या बोअरला आणि शेजारच्या वस्तीतील हातपंपाला पाणी मिळते ते एकाच खडकाच्या भेगांतून. भूजलाचे नियमन करणारा २००९ चा कायदा राज्यात आहे. तो पत्रकात का उतरत नाही?

दुसरा मुद्दा दराचा. पाणीपट्टी जोडणीमागे ठोक असेल, तर पुढच्या प्रत्येक लिटरची किंमत शून्य होते, आणि ज्याची टाकी मोठी त्याचा लाभ मोठा. नळ नसलेला गरीब मात्र टँकरवाल्याला लिटरमागे अधिक मोजतो. म्हणून मीटर हवा. गरजेपुरते पाणी स्वस्त आणि त्यावरील पाणी चढत्या दराने हवे.

कोणी म्हणेल, खरे पाणी उसाने नेले. शहरातल्या नळ्यांचे काय घेऊन बसलात? मांजरा खोऱ्यात ऊस शहराच्या अंगणांपेक्षा कितीतरी पट पाणी पितो, हे मी नाकारणार नाही. तो लढा लढलाच पाहिजे. पण उसाकडे बोट दाखवून आपली नळी वाहती ठेवणे, हा समाजवाद नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायत उभारली. तिथे वाटा जमिनीच्या आकारावर नव्हता, कुटुंबातील माणसांवर होता. भूमिहीनालाही हक्क होता आणि त्या पाण्यावर ऊस घेण्यास मनाई होती. हक्क आणि बंधन तेथे एकत्र आले, म्हणून लोकांनी बंधन मानले. मुंबईत मृणालताई गोरे 'पाणीवाली बाई' झाल्या त्या नळावरच्या बायांचा प्रश्न घेऊन. आपला वारसा हा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट ठेवू. नळ, बोअर आणि टँकर यांना एकच नियम लावा. सार्वजनिक नळावरील धुण्याभांड्यांना दंडातून वगळा आणि तेथे पुरेसे नळ द्या. बांधकामे व उद्याने यांना शुद्ध केलेले सांडपाणी द्या. पालिकेने स्वतःच्या फुटक्या वाहिन्या आधी दुरुस्त कराव्यात. ज्याची वाहिनी गळते, त्याने दंडाची पावती फाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

आणि साथींनो, हे निवेदन घेऊन वॉर्डात जाण्यापूर्वी आपल्या दारातील नळी गुंडाळून ठेवा. लोक निवेदन नंतर वाचतात. कार्यकर्त्याचे अंगण आधी पाहतात.