बँजोच्या तारा आणि पडदेपट्टी

श्रोतेहो, आज पाच तारांच्या अमेरिकी बँजोविषयी. आपल्या मिरवणुकांतला कळांचा बेंजो वेगळा.

तारा घेताना आधी टोक पाहा. बहुतेक बँजोंना फासाच्या टोकाची तार लागते. गिटारची गोळीवाली तार त्यांवर बसत नाही. नवशिक्याने हलका संच घ्यावा, बोटे कमी दुखतात. पहिली आणि पाचवी तार सारख्याच जाडीची असते, चौथी मात्र दुसऱ्या तारेने गुंडाळलेली.

तारा एकेक करूनच बदला, हे मी आग्रहाने सांगेन. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती निसटते, आणि जागा चुकली की वरच्या पडद्यांवर सूर बिघडतो. घोडी पुन्हा बसवताना मोजा: मानेच्या टोकाच्या तारदाणीपासून 12वा पडदा जितका दूर, साधारण तितकीच पुढे घोडी.

वाजवून झाल्यावर तारा आणि पट्टी कोरड्या सुती कापडाने पुसा. घामाने तार गंजते, कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. शिसवी पट्टी कोरडी पडल्यास वाद्यांसाठीचे तेल थेंबभर लावून लगेच पुसावे. स्वयंपाकघरातले तेल मात्र कधीही लावू नका. ते खवट होऊन चिकटते.